चॉकलेट घरात येतच नाही, तरी लेकीच्या चार दाढा किडल्या, असं कसं?

या वेळचं पत्र भांडुपच्या एका आईचं आहे, थोडं छोटं करून देते.

"डॉक्टर ताई, माझी मुलगी सहा वर्षांची, पहिलीत आहे. मी नोकरीला लोअर परळला जाते, दिवसभर ती सासूबाईंकडे असते. गेल्या आठवड्यात दाढ दुखते म्हणून रात्रभर रडली, डेंटिस्टकडे नेलं तर ते म्हणाले चार दाढा किडल्यात, तिघींत सिमेंट भरायचं आणि एकीचं रूट कॅनल करून कॅप. मला धक्काच बसला कारण आमच्याकडे चॉकलेट येत नाही, कोल्ड्रिंक नाही, रोज सकाळी ती ब्रश करते. सकाळी पावडर घातलेलं दूध आणि बिस्किटं, शाळेत छोट्या सुट्टीत खाऊ, मोठ्या सुट्टीत पोळीभाजी, घरी आली की वरणभात, मग संध्याकाळपर्यंत थोडा चिवडा, वेफर्स, सासूबाईंच्या डबीतल्या जिरागोळ्या, कधी लिंबू सरबत, रात्री जेवण आणि झोपताना साखर घातलेलं दूध, एवढंच खाते. पेस्ट आम्ही मुद्दाम बिनफ्लोराईडची हर्बल वापरतो कारण नणंद यवतमाळकडे दिली आहे, तिथे पाण्यातल्या फ्लोराईडमुळे लोकांचे दात खराब झालेले पाहिलेत. सासूबाई म्हणतात दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत, कशाला एवढा खर्च, आणि दुखलं की मशेरी चोळायला सांगतात, त्या स्वतः लावतात. कॅल्शियमचं सिरप चालू करू का? आणि खरं सांगा, चूक कोणाची? घरात यावरून रोज कुरबुर चाललीय."

अगं, आधी दुखण्याचं बोलते, बाकीचं सगळं नंतर. ज्या दाढेने तुझ्या लेकीला रात्रभर झोपू दिलं नाही त्या दाढेला वाट बघायला लावू नकोस, रात्री आपोआप उठणारा ठणका म्हणजे कीड आतल्या नसेपर्यंत पोचल्याची खूण असते बहुतेक वेळा, आणि नंतर एक दिवस दुखायचं अचानक थांबलं तर लोकांना वाटतं बरं झालं, पण कित्येकदा तेव्हा आतली नस मेलेली असते आणि इन्फेक्शन मुळाशी खाली उतरत असतं. तुझ्या डॉक्टरांनी रूट कॅनल सांगितलंय ते हीच दाढ असणार. तोपर्यंत दुखलं तर मुलांचं पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे डॉक्टरांना विचारून, कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा, आणि त्या दाढेत अडकलेलं अन्न हळूच ब्रशने काढून टाकायचं, बस. लवंगेचं तेल लहान मुलांच्या हिरडीला भाजतं. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवायची पद्धत अजून काही घरांत आहे, तीही नको, जखम होते, आणि ॲस्पिरिन लहान मुलांना मुळातच द्यायचं नसतं.

आणि मशेरी तर अजिबात नाही, हे मी अगदी हात जोडून सांगते. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू, तिने हिरडी बधिर झाल्यासारखी वाटते म्हणून आराम पडतो असं वाटतं, पण तंबाखू सहा वर्षांच्या मुलीच्या तोंडात जाते आहे, आणि आपल्याकडे कितीतरी बायकांची सवय अशीच दात दुखल्याच्या निमित्ताने लागलेली आहे. मशेरीने तोंडाचा कॅन्सर होतो, यात शंका नाही. सासूबाईंना ओरडू नकोस, त्यांना त्यांच्या आईने हेच शिकवलं असेल, पण लेकीच्या अपॉइंटमेंटला त्यांनाही बरोबर ने आणि त्यांचंही तोंड तपासून घे, गालाच्या आत पांढरा चट्टा, तोंड कमी उघडणं, न भरणारी जखम, यातलं काही असलं तर वेळेत कळलेलं बरं.

आता चॉकलेटचं. चॉकलेट नाही म्हणून दात सुरक्षित हा समज इतका पक्का बसलाय की आया अगदी खरं खरं सांगतात, डॉक्टर आम्ही गोड देतच नाही, आणि त्या खोटं बोलत नसतात. दातावर सतत एक चिकट पांढुरका थर साचत असतो, नखाने खरवडलं तर नखात येतो तो, त्याला प्लाक म्हणतात आणि तो जवळजवळ सगळा जंतूंचा असतो. त्यातले काही जंतू, स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स हा त्यातला नेहमीचा, आपण खाल्लेली साखर खातात आणि ॲसिड सोडतात. तोंडाचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं ॲसिड जास्त, तो साधारण ७ च्या आसपास असतो, गोड खाल्लं की काही मिनिटांत प्लाकखालचा पीएच घसरतो आणि ५.५ च्या खाली गेला की दाताच्या वरच्या कवचातलं, म्हणजे इनॅमलमधलं, कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळून बाहेर यायला लागतं. मग लाळ कामाला लागते, ॲसिड शांत करते आणि बाहेर गेलेली खनिजं हळूहळू परत दातात बसवते, पण त्याला वेळ लागतो, अर्धा तास, कधी तासभर. दात दिवसभर असे थोडे झिजत आणि थोडे भरून निघत असतात. कीड तेव्हा लागते जेव्हा झीज जास्त आणि भरपाई कमी असं महिनोन्महिने चालतं.

म्हणून मी किती गोड खाल्लं यापेक्षा आधी किती वेळा तोंड चाललं हे विचारते. आता तुझ्याच पत्रातला दिवस मोज. सकाळचं दूध-बिस्किट एक, छोटी सुट्टी दोन, मोठी सुट्टी तीन, घरी येऊन जेवण चार, मग तो संध्याकाळपर्यंतचा "थोडा चिवडा, वेफर्स, जिरागोळी" हा एक प्रकार म्हणून धरू नकोस, तो दर पंधरा-वीस मिनिटांनी तोंडात काहीतरी असा दोन-तीन तासांचा पट्टा आहे, त्यात लाळेला सावरायला उसंतच मिळत नाही, त्यावर सरबत, मग जेवण, मग दूध. यात चॉकलेट कुठेच नाही आणि तरी दाढा दिवसाचा केवढा तरी वेळ ॲसिडमध्ये आहेत. जिरागोळी तर साखरच आहे, चघळत ठेवायची साखर, ती गालात धरून मूल खेळत राहतं. आणि वेफर्स, चिवडा, बिस्किटं तिखट किंवा फिकी आहेत म्हणून निर्धास्त राहू नये, मैदा आणि बटाट्याचा स्टार्च लाळेनेच साखरेत बदलायला लागतो, शिवाय त्याचा लगदा दाढेच्या खाचांमध्ये असा घट्ट बसतो की एखादा चॉकलेटचा तुकडा त्यापेक्षा लवकर विरघळून निघून जाईल. गुळाचं आणि मधाचंही तसंच, दाताच्या जंतूंना साखर, गूळ, मध यांत फरक कळत नाही. खोकल्याची गोड औषधंसुद्धा, रात्री देऊन तसंच झोपवलं तर.

स्वीडनमध्ये व्हिपेहोल्म नावाच्या संस्थेत १९४५ नंतरच्या काही वर्षांत यावर एक मोठा प्रयोग झाला होता, बौद्धिक अपंगत्व असलेल्या लोकांवर, त्यांची संमती न घेता, त्यांना मुद्दाम चिकट टॉफी खायला घालून, वाचताना अंगावर काटा येतो आणि आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही. पण त्यातून जे कळलं ते आजही खरं आहे: तीच साखर जेवणाबरोबर घेतली तेव्हा कीड फारशी वाढली नाही, आणि जेवणांच्या मधेमधे चिकट गोड खाल्लं तेव्हा खूप वाढली. म्हणजे सणाला पुरणपोळी, संक्रांतीला तिळगूळ, कोणाच्या बर्थडेला केक, याला मी कधीच नाही म्हणत नाही, ताटातच वाढ, जेवणाबरोबर खाऊ दे आणि विषय संपव. दिवसभराचं चरणं बंद कर. तीन जेवणं आणि मधे दोन ठरलेल्या वेळी खाऊ, मधल्या वेळात फक्त पाणी. खाऊला शेंगदाणे, चणे, काकडी-गाजर, उकडलेलं अंडं, पनीर, आख्खं फळ असं चालतं, घरात जे बनतं तेच, वेगळा खर्च नाही.

रात्रीच्या दुधाबद्दल मात्र मी जरा कडक बोलणार आहे. झोपेत लाळ अगदी कमी होते, म्हणजे दिवसा जी दातांना वाचवते तीच रात्री रजेवर, आणि तू झोपायच्या आधी साखर घातलेलं दूध देऊन ब्रश न करता तिला झोपवतेस, मग ते रात्रभर तिथेच. तुझ्या पत्रात सकाळचा ब्रश आहे, रात्रीचा नाही. चार दाढांचं सगळ्यात मोठं कारण मला इथे दिसतंय. दूध हवंच तर जेवणाबरोबर दे, साखर हळूहळू कमी करत ने, मुलं पंधरा दिवसांत रुळतात, मग ब्रश, आणि ब्रशनंतर पाण्याशिवाय काही नाही. एकच ब्रश जमणार असेल तर तो रात्रीचा असू दे, पण जमव दोन्ही. (ज्यांच्याकडे तान्ही बाळं आहेत त्यांनीही हे वाचा, दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवलेल्या बाळांचे वरचे पुढचे चार दात वर्ष-दीड वर्षातच तपकिरी होऊन झिजायला लागतात.)

आणि "ती ब्रश करते" असं तू लिहिलंयस. ती म्हणजे सहा वर्षांची मुलगी! तिला करू दे, हौस असते, पण त्यानंतर तू किंवा तिच्या बाबांनी किंवा आजीने परत करायचा, साधारण आठ वर्षांची होईपर्यंत, कारण मागच्या दाढांच्या खाचा आणि हिरडीलगतची कड मुलांच्या हाताला साधत नाही. तिला तुझ्यापुढे पाठमोरी उभी कर, डोकं तुझ्या पोटाला टेकव, हनुवटी धर, मग आतपर्यंत नीट दिसतं. मऊ ब्रश, छोट्या डोक्याचा, छोटे छोटे गोल, सगळे मिळून दोन मिनिटं. झाल्यावर फेस थुंकायचा आणि चुळा भरायच्या नाहीत, हे ऐकून सगळे दचकतात, पण खळखळून चुळा भरल्या की पेस्टमधलं जे दातावर राहायला हवं ते सगळं बेसिनमध्ये जातं. अजून एक, दुधाच्या मागच्या दोन दाढा एकमेकींना चिकटून असतात आणि त्या दोघींच्या मधे ब्रशचा केस जात नाही, कीड पुष्कळदा तिथूनच सुरू होते, वरून दाढ चांगली दिसते आणि आतून पोकळ झालेली असते, म्हणून तुला आधी काही दिसलं नाही. तिथे फ्लॉसचा दोरा लागतो, मुलांसाठी छोट्या दांडीवर लावलेला मिळतो मेडिकलमध्ये, रात्री एकदा पुरे.

आता फ्लोराईड. तुझी भीती उगाच आलेली नाही, यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या भागांत बोअरवेलच्या पाण्यात काही ठिकाणी फ्लोराईड खरंच जास्त आहे, आपल्या मानकांप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरं पाणीच नसेल तर फार तर १.५, आणि त्यापेक्षा बरंच जास्त असलेलं पाणी लहानपणापासून, दात हाडात तयार होत असताना, रोज पोटात गेलं की दातांवर पांढरे-तपकिरी डाग येतात आणि फार जास्त असेल तर हाडंही धरतात. नणंदेच्या गावचं पाणी तपासून घ्यायलाच हवं, तिच्या मुलांसाठी. पण मुंबईचं पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा धरणांचं, पावसाचं साठवलेलं, त्यात फ्लोराईड कमी असतं, आणि पेस्ट गिळायची नसते, दाताला लावायची असते. दोन्हीचा हिशोब वेगळा आहे. फ्लोराईड दातावर असलं की लाळ जी खनिजं परत बसवते ती जास्त भक्कम बसतात, आणि असा दात ५.५ ला विरघळायला लागत नाही, पीएच साधारण ४.५ पर्यंत तग धरतो. कीड रोखण्यासाठी घरी वापरता येईल असं याच्याइतकं सिद्ध झालेलं दुसरं काही आपल्याकडे नाही. लवंग, कडुनिंब, मीठ असलेल्या पेस्टने तोंड ताजं वाटतं, श्वासाला वास बरा येतो, पण त्यात फ्लोराईड नसेल तर किडीपासून जे संरक्षण हवं ते मिळत नाही.

आपल्या देशात पेस्टमधलं फ्लोराईड १००० पीपीएमच्या (म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग) वर जाऊ नये असा नियम आहे, आणि किती आहे ते ट्यूबवर छापलेलं असतं, ते बघून घे. मुलांची म्हणून मिळणाऱ्या कार्टूनवाल्या काही पेस्टमध्ये ५०० च्या आसपासच असतं किंवा नसतंच, तुझ्या लेकीला आता चार दाढा किडल्यावर १००० ची मोठ्यांचीच पेस्ट लाव, वाटाण्याएवढी. तेवढ्यात फ्लोराईड साधारण पाव मिलिग्रॅम असतं, त्यातलंही बरंचसं ती थुंकणार आहे. तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी, बस. जाहिरातीत ब्रशभर लाटेसारखी पेस्ट दाखवतात तसं मुलांना कधीच नाही, आणि पेस्ट कपाटात वर ठेव, गोड चवीची असली की मुलं खातात.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, आणि ते तू त्यांच्यासमोर मान्य कर, भांडण तिथेच अर्धं विझेल. पुढचे दुधाचे दात सहा-सातला पडायला लागतात, खरं आहे. पण दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात, म्हणजे तिला याच दाढांनी अजून चार ते सहा वर्षं चावायचंय. आत्ता काढून टाकली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताला जागाच उरत नाही, मग तो वाकडा येतो किंवा अडकतो, आणि पुढे ब्रेसेसचा खर्च या कॅपच्या कितीतरी पट असतो. नुसती ठेवून दिली तर पू होतो आणि मुळाखाली तयार होत असलेल्या पक्क्या दातालाही इजा पोचू शकते. दुधाच्या दाताचं रूट कॅनल मोठ्यांसारखं नसतं, त्यात असं औषध भरतात जे मूळ विरघळत जाईल तसं विरघळत जातं, त्यामुळे वेळ आली की तो दात आपोआप पडतो, वर स्टीलची कॅप बसवतात ती दाताबरोबरच जाते.

आणि सासूबाईंना हे नक्की दाखव. तिच्या तोंडात शेवटच्या दुधाच्या दाढेच्याही मागे, चारही कोपऱ्यांत, नवीन दाढ येतेय का बघ, हिरडीतून थोडी वर आलेली असेल. ती सहाव्या वर्षी येते, कुठलाही दात न पडता येते, म्हणून आईवडिलांना कळतच नाही आणि सगळ्यांना वाटतं हीही दुधाचीच, पण ती पक्की आहे, आयुष्यभराची, तिच्यामागे दुसरी येणार नाही. तिच्या खाचा खोल असतात आणि आजूबाजूला किडलेल्या दाढा असल्या की ती येता येताच किडते, मला या दाढेची दुधाच्या चारही दाढांपेक्षा जास्त काळजी वाटते. ती पुरेशी वर आली की तिच्यात सीलंट भरून घे, खाचा बंद करणारा पातळ लेप असतो, इंजेक्शन नाही, ड्रिल नाही, दहा-पंधरा मिनिटांचं काम.

कॅल्शियम सिरपने कीड थांबत नाही गं. इनॅमल एकदा तयार झालं की पोटातून दिलेलं कॅल्शियम तिथे जाऊन भोक बुजवत नाही. दाताला नुसता खडूसारखा पांढरा ठिपका असेल, खड्डा पडला नसेल, तर फ्लोराईड आणि खाण्याच्या वेळा सांभाळून तो परत भरून येऊ शकतो, पण एकदा खड्डा पडला की सिमेंट भरायलाच लागतं.

खर्चाचं लिहिलं नाहीस पण ओळीओळीत दिसतंय. मुंबई सेंट्रलचं नायर डेंटल कॉलेज आणि सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेसच्या आवारातलं गव्हर्नमेंट डेंटल कॉलेज, दोन्हीकडे लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे, ही सगळी कामं होतात आणि प्रायव्हेटच्या मानाने खर्च खूप कमी येतो, फक्त नंबर लावायला सकाळी लवकर जायला लागतं आणि दोन-चार फेऱ्या होतात, ऑफिसमधून तशी सुट्टी ठरव. आणि उरलेल्या तीन दाढांबद्दल डॉक्टरांना सिल्व्हर डायअमाइन फ्लोराईडबद्दल विचारून बघ, हे औषध लावलं की कीड पुढे सरकायची थांबू शकते, ड्रिल लागत नाही, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलंय. किडलेला भाग कायमचा काळा होतो, हे आधीच माहीत असू दे, पण मागच्या दुधाच्या दाढेला ते चालून जातं. तिच्या दाढांना ते पुरेल की सिमेंटच लागेल हे तपासणारा डॉक्टरच सांगू शकेल.

चूक कोणाची विचारलंस. सासूबाई नातीला मागेल तेव्हा खाऊ देतात ते प्रेमाने, तू झोपताना दूध देतेस ते प्रेमाने, आणि तुम्हा दोघींना कोणी कधी सांगितलंच नव्हतं की वेळा मोजायच्या असतात, तर यात चूक कसली शोधतेस. त्यांना जिरागोळीची डबी बंद करा असं सांगू नकोस, चारचा खाऊ तुम्हीच ठरवा आणि तुमच्याच हाताने द्या, मधे मागितलं तर पाणी द्या, असं सांग, म्हणजे त्यांच्याकडे काम आणि मान दोन्ही राहील. तुम्हा मोठ्यांच्या तोंडात किडलेले दात असतील तर तेही भरून घ्या, हे जंतू बाळांना पुष्कळदा घरच्या माणसांकडून येतात.

तिला घेऊन जाताना "इंजेक्शन देतील" असं कोणीही चेष्टेतसुद्धा म्हणायचं नाही, डॉक्टर दाढ मोजणार, पाण्याने धुणार, एवढंच सांगायचं, आणि सकाळची वेळ घ्यायची, झोप झालेली असते आणि मूल कमी किरकिरतं. पण त्या आधीच गाल सुजला, ताप आला, हिरडीवर पुटकुळी दिसली तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी जायचं, आणि सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकतेय, तोंड उघडत नाहीये, गिळायला त्रास होतोय असं वाटलं तर रात्र असली तरी सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीला ने.